पोटऱ्या जाड आणि एसजीपीटी वाढलेलं: स्नायूंच्या आजाराच्या तपासण्या, कोणती आधी कोणती नंतर (नागपूर)

मानेवाड्याचा बाबा
३ जून, रात्री १०:४०

माझा मुलगा आता १३ वर्षांचा आहे. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू झिजवणारा जनुकीय आजार; घरी आम्ही नुसतं डीएमडी म्हणतो. निदान झालं तेव्हा तो सातवं वर्ष ओलांडत होता. व्हायला हवं होतं पाचव्या वर्षीच. मधला काळ कुठे गेला ते लिहायला हा धागा काढतोय, कारण गेल्या महिन्यात धंतोलीत फिजिओथेरपीच्या बाकावर एक आई भेटली आणि तिच्या पिशवीतही तेच लिव्हरचं सिरप होतं.

चार-साडेचार वर्षांचा असताना तो जिना चढताना कठडा धरायचा, पळताना मागे पडायचा. पोटऱ्या मात्र अशा भरलेल्या की माझी आई कौतुकाने म्हणायची, "पोट्टा पहिलवान होते पाहा." पाचव्या वर्षी ताप आला म्हणून रक्त तपासलं, तर एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही तीनशेच्या आसपास. लिव्हरला सूज आहे असं सांगितलं गेलं. मग सिरप, तेल-तूप बंद, सोनोग्राफी, काविळीच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह, पुन्हा सिरप. डॉक्टर बदलले तरी फाइल तीच, म्हणून निष्कर्षही तोच. त्या सगळ्या काळात कोणीही त्याला चपला काढून जमिनीवर बसायला सांगितलं नाही.

शेवटी ते घडलं कामठीला, नात्यातल्या लग्नात. पंगत जमिनीवर होती. जेवून उठताना त्याने आधी दोन्ही हात जमिनीला टेकले, कंबर वर केली, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, आणि स्वतःच्याच पायांवरून हातांनी चढत सरळ झाला. आम्ही हे रोज पाहत होतो. शेजारी एक फिजिओथेरपिस्ट ताई बसल्या होत्या. त्यांनी त्याला परत बसवलं, परत उठवलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, उद्या सकाळी याचं सीपीके करून घ्या." अशा उठण्याला गॉवर्स साइन म्हणतात. विल्यम गॉवर्स या इंग्लिश डॉक्टरांनी १८७९ साली तिचं वर्णन केलं. तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत.

सीपीके आलं १६,९४०. रिपोर्टवर नॉर्मलची मर्यादा दोनशेच्या आत होती.

सीपीके हे स्नायूंमधलं एन्झाइम. स्नायूच्या पेशी फुटू लागल्या की ते रक्तात सांडतं. आणि ज्याला आपण "लिव्हरचं" म्हणतो ते एसजीओटी-एसजीपीटी स्नायूंमध्येही असतंच, तेही त्याच वाटेने रक्तात येतं. यकृत खरंच बिघडलं असेल तर बहुधा जीजीटी हे यकृताचं दुसरं एन्झाइमही वाढतं, स्नायूच्या आजारात ते नॉर्मल राहतं. म्हणून पालकांना हात जोडून सांगतो: मूल उशिरा चालायला लागलंय, पडतंय, चवड्यांवर चालतंय, आणि एसजीपीटी वाढलंय पण जीजीटी ठीक आहे, तर डॉक्टरांना सीपीकेबद्दल विचारा. काहीशे रुपयांची तपासणी आहे.

पुढे एमएलपीए (जनुकाची तपासणी), इको (हृदयाची सोनोग्राफी) वगैरे सगळं झालं. त्यावर विचारलंत तर लिहीन. मी डॉक्टर नाही. माझ्याकडे फक्त एक जाड फाइल आहे.

---

लॅबवाला इतवारी
३ जून, रात्री ११:२५

बाबा, लिहिलंत ते फार बरं केलंत. मी बावीस वर्षं लॅबमध्ये आहे. काही गोष्टी काउंटरवर कोणी सांगत नाही म्हणून इथे सांगतो.

एक, "सीपीके टोटल" असं स्पष्ट म्हणा. बरेच जण सीपीके-एमबी करून घेतात, ती हृदयविकारासाठी वापरली जायची. डिस्ट्रॉफीच्या मुलांमध्ये एमबीही वाढलेलं दिसतं आणि घरचे हृदयाच्या भीतीने अर्धमेले होतात.

दुसरं, आदल्या दोन-तीन दिवसांत जबर खेळ, दंडात इंजेक्शन, पडझड किंवा ईएमजीच्या (स्नायूतली वीज मोजायच्या तपासणीच्या) सुया झाल्या असतील तर सीपीके त्यानेही चढतं. पण तशा कारणाने चढलेलं आठवडाभरात उतरतं. डीएमडीच्या लहान मुलांत दहा हजार, वीस हजार, कधी त्याहून जास्त आकडा येतो आणि आठ दिवसांनी परत केलं तरी हजारांतच राहतो. आमच्या मशीनची एक मर्यादा असते, त्यावर गेलं की सॅम्पल पातळ करून पुन्हा चालवावं लागतं. म्हणून रिपोर्ट तासभर उशिरा मिळाला तर घाबरू नका.

आणि हो, आकडा कमी होत गेला म्हणजे आजार बरा होतोय असं नसतं. वय वाढतं तसा स्नायूच कमी उरतो, मग सांडायलाही कमी उरतं. हे एका वडिलांना मला सांगावं लागलं होतं. ते पेढे घेऊन आले होते.

---

खामल्याचा मामा
४ जून, सकाळी ७:०५

रात्री हा धागा वाचला आणि झोप लागली नाही. माझा भाचा सहा वर्षांचा आहे. चवड्यांवर चालतो, पोटऱ्या तशाच. दोन वर्षांपासून एसजीपीटी दोनशेच्या वर आहे, लिव्हरचं औषध चालू आहे. जीजीटी फाइलमध्ये सापडलं: १४, म्हणजे नॉर्मल. आज पहाटे त्याला सतरंजीवर बसवून उठायला लावलं. बाबा, तुम्ही लिहिलंय अगदी तसाच उठला.

आणखी एक. माझ्या ताईला, म्हणजे त्याच्या आईला, सातवा आठवडा संपलाय. घरात आनंद आहे. मी अजून कोणाला काही बोललो नाही.

---

मानेवाड्याचा बाबा
४ जून, सकाळी ७:२०

मामा, आजच सीपीके करा. ताईंना आणि भाऊजींना सांगा, लपवू नका. मुलासमोर रडू नका एवढंच. माझा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय.

---

पेशीवेध
४ जून, दुपारी १:१०

मी जनुकीय समुपदेशक आहे. माहेर नागपूरचं, नोकरी पुण्यात. मामा, घाईने पण क्रमाने चला, कारण तुमच्याकडे वेळ मोजका आहे.

सीपीके हजारांत आलं तर पुढची पायरी एमएलपीए. डीएमडीचं जनुक माणसातल्या सगळ्यात लांबलचक जनुकांपैकी एक, सुमारे २२ लाख अक्षरांचं, ७९ एक्सॉनचं (एक्सॉन म्हणजे प्रथिनाची कृती असलेला जनुकाचा तुकडा), आणि ते एक्स गुणसूत्रावर बसलेलं. म्हणून आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. शंभर मुलांपैकी साधारण पासष्ट ते सत्तर जणांमध्ये काही एक्सॉन गळालेले असतात, पाच ते दहा जणांमध्ये दुप्पट झालेले. एमएलपीए ७९ च्या ७९ मोजते आणि हे दोन्ही पकडते. काहीच सापडलं नाही तर जनुकाचं पूर्ण वाचन, म्हणजे एनजीएस. अशा मुलांत बायोप्सी आता सहसा शेवटी, दोन्ही तपासण्यांनी उत्तर दिलं नाही तरच.

आईचा नमुना मुलाबरोबरच पाठवा. रिपोर्ट आल्यावर पाठवू म्हणत दोन-तीन आठवडे घालवू नका. आईचं सीपीके नॉर्मल आलं म्हणून ती वाहक (जनुकातला दोष पुढच्या पिढीत देऊ शकणारी) नाही असं धरू नका, वाहक बायकांत ते पुष्कळदा नॉर्मलच असतं.

गर्भाची तपासणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन होते, नाहीतर पंधराव्यानंतर गर्भजलातून. पण त्यासाठी आधी भाच्याच्या जनुकात नेमकं काय बिघडलंय ते हातात हवं. लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारासाठी अशा तपासणीला कायद्याने परवानगी आहे, नोंदणीकृत केंद्रात आणि लेखी संमतीने. ताईंना हेही सांगा की तपासणी करायची की नाही, आणि पुढे काय, हा निर्णय त्यांचा आहे. कोणी दडपण आणायचं नाही.

---

लॅबवाला इतवारी
४ जून, दुपारी २:००

जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब, हिरव्या झाकणाची नको, हेपरिनमुळे पुढची प्रक्रिया अडते. रक्त घेतल्यावर ट्यूब हळूच उलटसुलट करायची, गुठळी झाली तर नमुना वाया. नवतपा संपला तरी पारा खाली आलेला नाही, कुरिअरच्या डब्यात जेल पॅक ठेवायला सांगा. मात्र रक्त गोठवायचं नाही. फॉर्मवर सीपीकेचा आकडा, वय आणि आई गर्भवती असल्याचं ठळक लिहा, म्हणजे नमुना पुढे घेतील. शुक्रवारी संध्याकाळी देऊ नका, रविवारभर गोदामात पडून राहतो.

---

निळी जास्वंद
४ जून, रात्री ९:१५

बाबा, धाग्यात मोठ्या माणसांचंही येऊ द्या. मी ३४ वर्षांची. कॉलेजात असताना बसमध्ये चढता येईना तेव्हापासूनची कथा. मला लिंब-गर्डल प्रकार आहे, खांदे आणि कंबरेभोवतीचे स्नायू जातात.

माझ्यात ईएमजी कामाला आली. आधी एनसीव्ही होते, त्यात विजेचे छोटे झटके देऊन नस किती वेगाने संदेश नेते ते मोजतात. मग ईएमजी, बारीक सुई स्नायूत टोचून. डॉक्टर म्हणतात, सैल सोडा. मग म्हणतात, आता हळूच ताण द्या. यंत्रातून आवाज येतो, टिनावर पावसाचे थेंब पडावे तसा, आणि ताण वाढवला की मुसळधार. माझ्या डॉक्टरांनी स्क्रीन दाखवून समजावलं: लाटा बुटक्या आणि अरुंद आहेत, आणि थोड्याशा ताणालाच सगळ्या एकदम धावून येतात, म्हणजे दोष नसेत नाही, स्नायूत आहे. दुखतं, पण पाच-सात सुयांत संपतं. लहान मुलात सीपीके वीस हजार असताना मात्र हा त्रास देण्यात अर्थ नाही. मला एका केंद्रात दोन वर्षांच्या बाळाची ईएमजी होताना पाहावं लागलं, अजून डोळ्यांपुढून जात नाही.

बायोप्सीची चूक माझ्या बाबतीत झाली ती सांगते. मांडीतून तुकडा काढला आणि नेहमीच्या सवयीने फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला. स्नायूचा तुकडा ताजा हवा, थंड आयसोपेंटेनमध्ये, द्रव नायट्रोजनच्या साहाय्याने लगेच गोठवलेला. नाहीतर एन्झाइमचे रंग चढत नाहीत आणि अर्धी उत्तरं मिळत नाहीत. मला पुन्हा बेंगळुरूला निमहान्समध्ये जाऊन दुसऱ्या पायातून द्यावी लागली. जिथे द्यायची तिथे आधी विचारा: गोठवण्याची सोय आहे का? आणि ज्या स्नायूत नुकतीच ईएमजीची सुई गेली तो देऊ नका, पूर्ण वाळून गेलेला स्नायूही नको, त्यात फक्त चरबी निघते.

शेवटी एनजीएसमध्ये कॅल्पेन-३ या जनुकात दोन बदल सापडले. एक ओळखीचा, दुसऱ्यापुढे लिहिलेलं की याचा अर्थ निश्चित नाही. त्या एका ओळीने मी चार महिने लटकले. मग आई-बाबांचं रक्त तपासलं. एक बदल आईकडून, दुसरा बाबांकडून. दोन्ही प्रती बिघडलेल्या, म्हणजे निदान पक्कं. मांडीच्या एमआरआयमध्ये चरबी जिथे साचली होती तीही त्याच आजाराला जुळणारी होती. रिपोर्टवर "निश्चित नाही" असेल तर ते निदान नाही आणि सुटकाही नाही, हे मला तेव्हा कोणी सांगायला हवं होतं.

---

उमरेडकर
५ जून, सकाळी १०:३०

माझ्या आईचा अनुभव वेगळ्या टोकाचा आहे, म्हणून लिहितोच. आई ५१ वर्षांची. तीन महिन्यांत अशी झाली की पाटावरून उठता येईना, वेणी घालताना हात वर राहीना. सीपीके ७,२०० आलं. आम्हाला सांगितलं गेलं, "मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, याला औषध नाही, घरी न्या." वडील त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले.

दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टनी पहिला प्रश्न विचारला: किती दिवसांत झालं? दुसरा: घराण्यात कोणाला होतं का? मग आईचे हात खिडकीपाशी नेऊन बोटांचे पेर पाहिले. लालसर खरखरीत चट्टे होते, आम्ही ते भांड्यांच्या साबणाचे समजत होतो. तो डर्मॅटोमायोसायटिस निघाला. शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायू आणि कातडीवर उलटते. अँटीबॉडीचं पॅनेल, एमआरआयमध्ये स्नायूंना सूज, आणि स्टिरॉइड सुरू करण्याआधी बायोप्सी. मोठ्या माणसांत या आजारासोबत कुठे कॅन्सर लपलेला असू शकतो म्हणून तोही शोधला, सुदैवाने नव्हता. आज आई स्वतः पोळ्या लाटते.

महिन्यांत वाढलेला अशक्तपणा आणि वर्षानुवर्षं वाढलेला, यातला फरक विचारल्याशिवाय कोणी "डिस्ट्रॉफी" म्हणालं तर दुसरं मत घ्याच.

---

पेशीवेध
५ जून, दुपारी ३:४५

उमरेडकर दादा, अगदी मोलाचं लिहिलंत. उपचार असलेले आजार आधी बाजूला काढायचे हाच मोठ्यांमधला क्रम. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या, हे साध्या चौकशीत आणि रक्तात कळतं. मायस्थेनिया (नसेकडून स्नायूला संदेश नीट न पोचण्याचा आजार) असेल तर सीपीके नॉर्मल असतं आणि अशक्तपणा दिवस कलतो तसा वाढतो, पापण्या झुकतात. त्याची अँटीबॉडी वेगळी. पॉम्पे आजार डिस्ट्रॉफीसारखाच दिसतो, पण कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातून त्याच्या एन्झाइमची चाचणी होते आणि त्यावर उपचार आहे.

व्यनितून दोघांनी विचारलंय की सगळ्यात महागडी एनजीएसच एकदम का करू नये. कारण तिला काही गोष्टी दिसत नाहीत. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत जनुकातली तीन अक्षरं शेकडो वेळा पुन्हा पुन्हा आलेली असतात, ती मोजायला वेगळी चाचणी लागते. हा रुग्ण हात मिळवतो आणि पकड चटकन सोडू शकत नाही. हे पाहणारा डॉक्टर योग्य चाचणी लिहितो. चेहरा आणि खांद्याची एफएसएचडीही नेहमीच्या एनजीएसमध्ये सुटते. एसएमए हा तर स्नायूचा नाही, मज्जारज्जूतल्या पेशींचा आजार, त्याला एसएमएन-१ या जनुकाची स्वतंत्र तपासणी. नॉर्मल एनजीएस हातात घेऊन फिरणारे बरेच जण मी पाहते, आणि त्यांना मुळात चुकीचा प्रश्न विचारला गेलेला असतो.

---

खामल्याचा मामा
५ जून, संध्याकाळी ६:५०

सीपीके १८,३१०.

ताईला मी सांगितलं. ती काही बोलली नाही, भाच्याच्या पोटऱ्या चोळत बसली. सोमवारी दोघांचे नमुने जातील.

---

मानेवाड्याचा बाबा
५ जून, संध्याकाळी ७:३०

मामा, आम्ही आहोत. लिव्हरचं औषध स्वतःहून बंद करू नका, हा रिपोर्ट त्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनाच विचारा. भांडू नका त्यांच्याशी, पुढच्या मुलाच्या वेळी ते सीपीके लिहितील.

नमुना गेल्यावर हृदयाचा इको आणि ईसीजी करून घ्या. डीएमडीत हृदय हाही स्नायूच, त्याची पहिली नोंद निदानाच्या वेळीच असायला हवी. आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: भूल देताना सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) आणि श्वासातून देण्याचा भुलीचा गॅस नको. दात काढायला गेलात तरी ते पान दाखवायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे, युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, जनुकीय रिपोर्ट जपून ठेवा. दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातलं आपल्या राज्यातलं केंद्र मुंबईचं केईएम, तिथेही हाच रिपोर्ट मागतात.

---

खामल्याचा मामा
२६ जून, दुपारी ४:१५

भाच्याचा रिपोर्ट आला. "एक्सॉन ४८ ते ५० डिलीशन, आउट ऑफ फ्रेम." आईचा अजून यायचाय. पेशीवेध ताई, आउट ऑफ फ्रेम म्हणजे काय हो?

---

पेशीवेध
२६ जून, रात्री ८:३०

मामा, जनुकाची वाक्यं तीन-तीन अक्षरांत वाचली जातात. समजा लिहिलंय: कमळ बदक गवत. त्यातला "बदक" पूर्ण गळाला तर "कमळ गवत" उरतं, वाक्य लहान झालं पण वाचता येतं. अशा वेळी प्रथिन आखूड पण थोडंफार कामाचं बनतं, आजार सहसा सौम्य, त्याला बेकर म्हणतात. पण फक्त "ब" गळाला तर वाचणारा वाचतो: कमळ दकग वत. तिथून पुढे सगळं निरर्थक, डिस्ट्रॉफिन, म्हणजे या जनुकाचं स्नायू सांभाळणारं प्रथिन, बनतच नाही. भाच्याचं तसं झालंय, म्हणजे डुशेन. त्याच्या बाबतीत ५१ वा एक्सॉन वगळला तर चौकट पुन्हा जुळते. त्या तत्त्वावरचं एटेप्लिर्सेन अमेरिकेत २०१६ साली मंजूर झालं. ते बरं करणारं औषध नाही, किंमत प्रचंड आहे आणि किती फायदा होतो यावर तज्ज्ञांत वाद आहे, म्हणून त्यामागे आज धावू नका. पण "४८ ते ५०" हे आकडे पाठ करून ठेवा. पुढे कुठलीही चाचणी किंवा उपचार निघाला तरी पहिला प्रश्न हाच असेल.

---

खामल्याचा मामा
१ जुलै, दुपारी १२:२०

ताईच्या रक्तात डिलीशन नाही! घरात सगळे रडले, या वेळी वेगळ्या कारणाने. म्हणजे आता गर्भाची तपासणी नको ना?

---

पेशीवेध
१ जुलै, दुपारी १:०५

आनंद करा, करायलाच हवा. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्याने घडलेला असतो. पण मामा, रक्तात नाही म्हणजे बीजांडांत नाही असं म्हणता येत नाही. काही आयांच्या फक्त काही बीजांडांमध्ये तो असतो, आणि रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही. धोका कमी झाला, शून्य झाला नाही. हे आज सांगणं मला जड जातंय, पण तपासणीची वेळ अजून हातात आहे म्हणून सांगतेय. नागपुरात स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, मी त्यांच्याशी फोनवर बोलायला तयार आहे.

---

खामल्याचा मामा
८ जुलै, सकाळी ११:१०

बारावा आठवडा लागला. ताईने आणि भाऊजींनी मिळून ठरवलं, तपासणी करायची. ताई आत गेली आहे. मी बाहेर बाकावर, भाचा माझ्याजवळ. त्याला कैरीची गोळी दिली आहे, तो बाकावरून खाली सरकून फरशीवर गाडी खेळतोय. उठताना मी हात देत नाही, तोच म्हणतो, "मामा, मी उठतो."

पुढच्या बुधवारी त्याचा इको आहे, रामदासपेठेत, सकाळी नऊला. फाइलचं पहिलं पान लिहून घेतलंय.

---

मानेवाड्याचा बाबा
८ जुलै, सकाळी ११:१८

बुधवारी नऊला मीही येतो. तिथे पुढच्या दाराला सात पायऱ्या आहेत. मागच्या बाजूने औषधाच्या दुकानाजवळ उतार आहे, त्याला तिथून आणा.